परक्याची नजर आणि चिरेबंदी घर

परदेशी बातमीदाराचा धंदा विचार करू जाता मोठ्या धाडसाचा आहे. ज्या देशाची भाषा त्यास येत नाही, जेथील माणसांच्या सोयरसंबंधांची व जुन्या वैरांची त्यास कल्पना नाही, आणि जेथे त्यास पंधरवड्याहून अधिक राहावयाचे नाही, त्या देशाच्या राजकारणाचा निवाडा त्याने दीड स्तंभात करून टाकावा, अशी त्याच्या धन्याची अपेक्षा असते. तो निवाडा दूरदेशीचा वाचक सकाळच्या चहाबरोबर वाचतो. ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्या हाती तो बहुधा पडतही नाही. सबब ज्यांच्याविषयी लिहिले गेले त्यांनीच परीक्षणास बसावे, असा योग टीकेच्या प्रांतात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात आम्ही तसा एक प्रयत्न करणार आहो. विषय आहे ग्रॅहम ग्रीन या विख्यात इंग्रज कादंबरीकाराने गोव्यावर लिहिलेला एक लेख. आणि आम्ही बसलो आहो ते कुणकेश्वरास, म्हणजे गोव्याच्या हद्दीपासून सुमारे शंभर किलोमीटर उत्तरेस, त्याच किनाऱ्यावर व त्याच तांबड्या मातीत. ग्रीन यांनी गोव्याची जी तुलना केली तीत पलीकडची बाजू म्हणजे आम्ही.

लेख साठ वर्षांपूर्वीचा; तो आताच कशास उकरावयाचा, असे वाचक विचारतील. त्याचे कारण हे की, अलीकडे या बातमीदारांच्या वाट्यास लोकशाहीचा एक विशेष सोहळा वारंवार येऊ लागला आहे, आणि त्यावरची त्यांची पत्रे वाचताना आम्हांस पुनःपुन्हा गोव्याची आठवण होते. निवडून दिलेल्या माणसास त्याची मुदत भरण्यापूर्वी मतदारांनीच परत बोलवावे किंवा कसे, याचा कौल घेण्याची चाल तशी जुनी आहे. कॅलिफोर्नियाच्या घटनेत ती १९११ साली आली. परंतु २००३ च्या ऑक्टोबरात तेथील गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांस मतदारांनी याच मार्गाने घरी बसविले आणि त्यांच्या जागी चित्रपटांतील पहिलवान आर्नोल्ड श्वार्झनेगर यांस आणले, तेव्हापासून जगातील वृत्तपत्रांस या प्रकाराची खरी गोडी लागली. पुढल्याच वर्षी, १५ ऑगस्ट २००४ रोजी, व्हेनेझुएलात ऊगो चावेझ यांच्यावर असाच कौल घेतला गेला, आणि शेकडा ५९ मते त्यांच्या बाजूने पडून ते टिकले. २६ जुलै २०२५ रोजी तैवानात क्वोमिंतांग पक्षाच्या २४ विधिमंडळ सदस्यांची अशी परीक्षा एकाच दिवशी झाली व चोवीसही जण उत्तीर्ण झाले.

असल्या कौलाचे बातमीदारास आकर्षण का वाटते हे उघड आहे. एक माणूस, एक दिवस, एक प्रश्न, आणि उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’! नाटकाची तिन्ही ऐक्ये आयती सांभाळली गेली. विमानातून उतरावे, दोन्ही बाजूंच्या सभा पाहाव्या, टॅक्सीवाल्याचे मत घ्यावे आणि निकालाच्या रात्री तार ठोकावी. परंतु प्रश्न एकपदरी असला म्हणून उत्तर देणाऱ्याचे मन एकपदरी असते असे नव्हे. ‘या माणसास काढावे काय?’ असे विचारले असता मतदार कित्येकदा त्या माणसाविषयी बोलतच नसतो. तो आपल्या प्रांताविषयी, भाषेविषयी, जमिनीविषयी अथवा राजधानीतील मंडळींनी आपणांस काय समजावे याविषयी बोलत असतो. ही प्रांतिक कुरबूर कागदावरच्या प्रश्नात नसते, आणि म्हणून तारेतही उतरत नाही.

वाचकांनी फार दूर जाण्याचेही कारण नाही. महाराष्ट्रात २०१७ साली सरपंचाची निवड थेट मतदारांकडून होऊ लागली. २०२० साली ती पद्धत रद्द झाली आणि २०२२ साली पुन्हा आली. अशा थेट निवडलेल्या सरपंचावर अविश्वास आणावयाचा तर पंचायतीच्या तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव करावा लागतो, आणि तेवढ्याने न भागता विशेष ग्रामसभेत गुप्त मतदान घेऊन गावाची संमती मिळवावी लागते. म्हणजे परत बोलाविण्याचा जो हक्क आमदार-खासदारांच्या बाबतीत अद्याप कागदावरही आलेला नाही, तो सरपंचाच्या बाबतीत एका रीतीने आमच्या खेड्यांत नांदतो आहे. आता कोकणातील एखाद्या गावच्या अशा सभेस उद्या एखादा परदेशी बातमीदार येऊन बसला, तर त्यास काय दिसेल? रांग दिसेल, मतपेटी दिसेल. कोणत्या वाडीचे नळाचे पाणी कोणत्या वाडीने अडविले, पालखीच्या वेळी कोणत्या मानकऱ्याचा नारळ मागे राहिला, गावऱ्हाटीतील कोणत्या दोन घराण्यांत चार पिढ्यांचा अबोला आहे, हे त्यास कोण सांगणार? आणि हे न कळता सरपंच पडला किंवा टिकला याचा अर्थ तरी तो काय लावणार?

असो. आता ग्रीन यांच्याकडे वळू. त्यांचा हा लेख १९६४ साली लंडनच्या ‘संडे टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झाला, शीर्षकातच गोव्यास ‘अनन्य’ असे विशेषण दिलेले आहे. ग्रीन १९६३ च्या अखेरीस गोव्यात आले होते. काळ मोठा नाजूक होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. ९ डिसेंबर १९६३ रोजी गोव्याच्या जनतेने पहिल्याने विधानसभा निवडली. आणि गोवा महाराष्ट्रात विलीन करावा असे उघड निशाण घेऊन उभा राहिलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आपल्या मित्रांसह अधिकारावर आला. २० डिसेंबरास भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. अशा ऐन वेळी एक कॅथलिक इंग्रज लेखक तेथे जातो आणि ‘ही भूमी इतरांसारखी नाही’ असे लिहितो, तेव्हा ते निव्वळ प्रवासवर्णन राहत नाही. त्याच्या मनात असो वा नसो, ते एका खटल्यातील साक्षीपत्र होते.

साक्ष कशाची? तर मुख्यतः घरांची. या लेखातील सर्वांत सुंदर भाग तोच आहे, आणि त्याची ताकद आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो. ग्रीन सांगतात की, गोव्याबाहेर सगळीकडे मोडकळीचीच पुनरावृत्ती दृष्टीस पडते व दारिद्र्य पुराच्या पाण्यासारखे पसरलेले जाणवते. गोव्याच्या खेड्यांत मात्र घरे टिकावी म्हणून श्रद्धेने बांधलेली आहेत. लहानसे घर असले तरी ते जांभ्या दगडाचे, आणि वर देखण्या तपकिरी कौलांचे छप्पर. ही घरे पोर्तुगीजांनी बांधली नाहीत. गोवेकरांनी बांधली, आणि पुष्कळशी तर आफ्रिकेत किंवा अन्यत्र पोटासाठी गेलेल्या व कधी तरी परतण्याची आस धरलेल्या गोवेकरांनी. आपल्या गावावर गोवेकराची जी निष्ठा ती अन्यत्र क्वचितच आढळते, असेही ते म्हणतात. आणि याच ओघात एक महत्त्वाचे विधान करतात की, हा धर्माचा प्रश्न नव्हे. गोव्यातील हिंदू खेडेदेखील बाहेरच्या हिंदू खेड्याहून तितकेच सहज वेगळे ओळखू येते, त्यासाठी हद्दीवर पाटी लावण्याचीही गरज नाही.

हे वाचून आमच्या गावचा कोणताही गवंडी हसेल. जांभा ही काही पोर्तुगीजांची किंवा गोमंतकाची मिरास नव्हे. रत्नागिरीपासून खाली कारवारापर्यंत ही सारी किनारपट्टी त्या सच्छिद्र तांबड्या दगडावर बसलेली आहे. खाणीत तो मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो, आणि उन्हावाऱ्यात राहून घट्ट होतो. चिरा म्हणून तो रचावा, मातीत किंवा चुन्यात जोडावा, वर कौले घालावी, पुढे ओटी-पडवी, समोर शेणाने सारवलेले खळे आणि मध्ये तुळस, हे घर बांद्यास आहे, मालवणास आहे, मिठबावास आहे व कुणकेश्वरासही आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडताना खरोखर पाटी नसती, तर ग्रीनसाहेबांस हद्द कोठे लागली हे कळले असते असे आम्हांस वाटत नाही. पेडण्याचा मुलूख तर पोर्तुगीजांच्या हाती जाण्यापूर्वी सावंतवाडीकरांचाच होता. घरांनी त्यानंतर आपला चेहरा बदलल्याचे आम्ही ऐकले नाही.

आणि परतण्याची आस धरून घर बांधणारा तो परागंदा गोवेकर! त्याचे वर्णन वाचताना आमच्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो म्हणाल तर गिरणगावातला चाकरमानी. गोवेकर खलाशी मुंबईत आपल्या गावाच्या कुडात राहत असे. आमचा गिरणीकामगार गावमंडळाच्या खोलीत वळकटी टाकत असे. दोघांच्या खिशातून निघणारी मनीऑर्डर दोघांच्या घरांचे चिरे चढवीत होती. एकाची बोट मोंबासाहून निघे व दुसऱ्याची भाऊच्या धक्क्यावरून, एवढाच काय तो भेद. गणपतीस आणि शिमग्यास गावी पोहोचण्यासाठी नोकरीवर पाणी सोडणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस गावनिष्ठेचे हे श्रेय एकट्या गोव्याच्या पदरात पडलेले पाहून थोडा विषाद वाटला तर तो क्षम्य मानावा.

तथापि न्यायाने बोलावयाचे तर एवढ्यावर थांबता येत नाही. १९६३ साली आमच्या बाजूस, म्हणजे त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात, चिरेबंदी घर हे खाऊनपिऊन सुखी असलेल्याचे लक्षण होते. कुळांची व गाबितांची पुष्कळ घरे मातीच्या भिंतींची व गवताच्या किंवा झावळ्यांच्या शाकाराची होती, आणि दर पावसाळ्यापूर्वी ती नव्याने शाकारावी लागत. आफ्रिकेतील कारकुनाची व गिरणीतील बदली कामगाराची मनीऑर्डर सारख्या रकमेची नव्हती. तेव्हा दगड एकच असला तरी तो किती घरांपर्यंत पोहोचला यात फरक होता, आणि परक्याच्या नजरेने तो फरक अचूक टिपला. चूक झाली ती त्याच्या कारणमीमांसेत. जे मनीऑर्डरीने घडले ते त्यांनी मातीच्या गुणाने घडले असे मानले. ‘अनन्य’ हा शब्द येथेच डळमळू लागतो. जे अधिक-उणे आहे त्यास सर्वस्वी वेगळे म्हणणे ही बातमीदाराची नेहमीची खोड आहे. कारण ‘थोडे अधिक’ या गोष्टीची बातमी होत नाही.

गोव्यावर लिहिणारे ग्रीन हे पहिले इंग्रज कादंबरीकार नव्हेत. १९५२ साली, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या निधनास चारशे वर्षे झाली त्या उत्सवास, एव्हलिन वॉ तेथे जाऊन आले व त्यांनीही लेख लिहिला. त्यात भक्ती फार व गोवा कमी आहे, म्हणून तो येथे बाजूस ठेवतो.

आता त्या खटल्याच्या निकालाकडे येऊ. गोव्याच्या विधानसभेने १९६५ साली विलीनीकरणाचा ठराव केला. डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोअन्स पक्षाचा त्यास विरोध, महाराष्ट्राचा पाठिंबा, म्हैसूरचा आक्षेप. पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीस धरणे धरल्यासारखा पिच्छा पुरविला. आणि अखेर संसदेने १९६६ च्या डिसेंबरात कायदा करून जनमताचा कौल घेण्याचे ठरविले. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकरांचे मंत्रिमंडळ आधी पायउतार झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणास ‘फूल’ आणि केंद्रशासित राहण्यास ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. फुलास १,३८,१७० मते पडली. दोन पानांस १,७२,१९१. म्हणजे ३४,०२१ मतांनी गोव्याने महाराष्ट्रास ‘नको’ म्हटले.

हा आकडा महाराष्ट्राच्या पुष्कळ वृत्तपत्रांस झोंबला, आणि त्याची सोपी कारणे ताबडतोब शोधण्यात आली. ख्रिस्ती मतदारांनी घात केला, हे त्यांतले सर्वांत सोपे. परंतु साधी बेरीज करून पाहावी. गोव्यात हिंदूंची संख्या निम्म्याहून बरीच अधिक होती. सारे हिंदू फुलास व सारे ख्रिस्ती पानांस अशी वाटणी झाली असती, तर फूल सहज जिंकले असते. ते हरले, याचा अर्थ हजारो हिंदूंनी दोन पानांवर शिक्का मारला. नव्या काबिजादीतील तालुक्यांचा कल विलीनीकरणाकडे होता हे खरे. पण बाकीच्या भागात मंगेशीस व शांतादुर्गेस जाणारी, मराठीत पत्रव्यवहार करणारी, मराठी कीर्तन ऐकणारी माणसे विरुद्ध बाजूस गेली. आणि येथे आम्हांस ग्रीन यांचे ते विधान आठवते की, हा धर्माचा प्रश्न नव्हे. दगडाच्या बाबतीत फसलेला हा साक्षीदार मुख्य मुद्द्यावर मात्र, कौलाच्या तीन वर्षे आधी, बरोबर बोलून गेला होता! जवळच्या शेजाऱ्यांस दिसले नाही ते त्यास कसे दिसले?

आमच्या मते याचे उत्तर असे आहे. शेजाऱ्याने जे जे समान होते ते मोजले. भाषा, कुळदैवत, दशावतार, भजन, सोयरीक, सारे मोजले, आणि एवढे सारखे असल्यावर मने वेगळी असतील कशी, असे गृहीत धरले. परक्यास यांतले काहीच मोजता येत नव्हते. त्याने फक्त माणसांचा आपल्या घराकडे पाहण्याचा भाव पाहिला. समानतेच्या यादीत हा भाव बसत नाही. दोन भाऊ एका आईचे, एका रूपाचे, एका बोलीचे असतात, आणि तरीही धाकटा वेगळी चूल मागतो. त्याचे कारण थोरल्यास कधीच कळत नाही, वाटेवरच्या पाहुण्यास कळते.

या संबंधात एक गोष्ट मराठी वाचकांनी विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. विलीनीकरणाविरुद्धचे अत्यंत धारदार लेखन पोर्तुगीजात नव्हते, इंग्रजीतही नव्हते. ते मराठीत होते. ‘गोमन्तक’ पत्र विलीनीकरणाच्या बाजूस उभे होते, मुंबईस आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ गर्जत होता. आणि मडगावच्या ‘राष्ट्रमत’ या मराठी दैनिकात उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ या सदरातून रोज उलट मारा करीत होते. मराठी वाचणाऱ्या गोवेकर हिंदूस महाराष्ट्रात न जाण्याची कारणे मराठीतच पटवून दिली गेली. भाषेचे ऐक्य म्हणजे राज्याचे ऐक्य हे समीकरण ज्यांस स्वयंसिद्ध वाटते त्यांनी या सदराचा इतिहास अवश्य अभ्यासावा. अर्थात ग्रीन यांस मराठी वा कोकणी येत असण्याचा संभव नव्हता. आणि येत असती तरी हे सदर त्यांच्या भेटीनंतरचे. आमचा मुद्दा इतकाच की, पुढे १९६७ साली जे बातमीदार खरोखर कौल पाहण्यासाठी गेले असतील, त्यांनी पणजीच्या हॉटेलात इंग्रजी बोलणाऱ्यांशी गप्पा मारून हा झगडा ‘पोर्तुगीज संस्कृती विरुद्ध हिंदुस्थानी संस्कृती’ असा रंगविला असता, तर तो साफ चुकीचा ठरला असता.

पुढील घटना तर याहून बोलकी आहे. कौल झाला १६ जानेवारीस. २८ मार्चला, म्हणजे दहाच आठवड्यांनी, त्याच मतदारांनी विधानसभा निवडली. आणि ज्या पक्षाचे निशाणच विलीनीकरण, त्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास पुन्हा सत्ता दिली. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. जानेवारीत आलेल्या बातमीदाराने ‘बांदोडकर संपले’ असे लिहिले असते. एप्रिलात आलेल्याने ‘विलीनीकरणास पुन्हा उभारी’ असे लिहिले असते. दोघेही तोंडघशी पडले असते. बहुजन समाजातील कुळास भाटकाराविरुद्ध बांदोडकर हवे होते, मुलांसाठी शाळा हवी होती. महाराष्ट्र नको होता. त्याने माणूस ठेवला आणि मत परत बोलाविले. परत बोलाविण्याच्या कायद्यांचे जे पुरस्कर्ते आज माणूस काढणे म्हणजेच लोकमत व्यक्त होणे असे समजतात, त्यांच्या पोथीत असा प्रकार बसत नाही. कौलात तिसरे उत्तर, म्हणजे ‘आमचे स्वतंत्र राज्य’, हे छापलेच नव्हते. ते उमटावयास आणखी वीस वर्षे लागली. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले, आणि त्याच वर्षी आरंभी कोकणी राजभाषा झाली.

ग्रीन यांच्याकडून याहून अधिक काही अपेक्षावे काय? आम्ही म्हणू, होय. कारण परदेशी बातमीदाराच्या मनाची चिरफाड इंग्रजी वाङ्मयात त्यांच्याइतकी निर्दयपणे फारच थोड्यांनी केली असेल. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी ते स्वतः इंडोचायनाच्या युद्धाची वार्तापत्रे पाठवीत होते, आणि त्यातून ‘द क्वाएट अमेरिकन’ ही त्यांची कादंबरी १९५५ साली निघाली. तिचा निवेदक फाउलर हा सायगावातील एका लंडनच्या पत्राचा वयस्क बातमीदार आहे. आपण फक्त पाहतो व कळवितो, आपली बाजू कोणतीच नाही, असा त्याचा सारखा घोष चाललेला असतो. फ्रेंच सेन्सॉर त्याच्या तारांवर कात्री चालवितो, आणि जे त्यास खरोखर कळलेले असते ते तारेत कधीच जात नाही. अखेर एका तरुण अमेरिकनाच्या पोथीनिष्ठ भलेपणामुळे भर चौकात बायकामुले छिन्नविच्छिन्न झालेली पाहिल्यावर फाउलरास बाजू घ्यावी लागते; आणि ती घेताना त्याच्या स्वतःच्या स्त्रीविषयीच्या मत्सराची भेसळ तीत इतकी झालेली असते की, न्याय कोठे संपला व स्वार्थ कोठे सुरू झाला हे तो स्वतःसही सांगू शकत नाही.

ज्या लेखकाने फाउलरास असे उघडे केले, त्याने गोव्यातील लेखात स्वतःस मात्र झाकून ठेवले आहे. गोव्याच्या वेगळेपणाचा लळा आपणांस का लागला, त्यात कॅथलिक देवळांच्या घंटेचा भाग किती, घरी बोलावून जेऊ घालणाऱ्या यजमानांचा किती, आणि नाहीशा होऊ घातलेल्या वस्तूंविषयी त्यांस जन्मभर जी ओढ वाटली तिचा किती, हा हिशेब ते देत नाहीत. फाउलरच्या तोंडून त्यांनी तो वदवून घेतला असता. हे वेगळेपण फार दिवस टिकणार नाही, अशी हुरहुर साऱ्या लेखावर पसरलेली आहे. वाचकाच्या मनात दया उत्पन्न करण्याचे ते फार जुने साधन आहे, आणि दया उत्पन्न झाली की वाचक आकडे विचारीत नाही. गोवा टिकला. त्याच्या बाजूची जी खेडी त्यांनी गोव्याच्या तुलनेत एका वाक्यात निकालात काढली तीही टिकली.

कुणकेश्वराच्या देवळाविषयी एक आख्यायिका सांगतात, तिचा येथे उल्लेख केल्यावाचून आम्हांस राहवत नाही. एका इराणी व्यापाऱ्याचे गलबत भर समुद्रात वादळात सापडले; किनाऱ्यावर मिणमिणणारा एक दिवा त्यास दिसला; तारलेस तर तुझे देऊळ बांधीन असा त्याने त्या अनोळखी देवास नवस केला. गलबत तरले. त्याने देऊळ बांधले. परंतु परधर्मीयाचे देऊळ बांधणारास आपले लोक आता घेणार नाहीत, हे जाणून त्याने शिखरावरून उडी टाकून देह ठेवला. त्याची समाधी म्हणून जागा दाखवितात. इतिहास म्हणून या कथेचा आम्ही आग्रह धरीत नाही. पण ती ज्या लोकांनी रचली व पिढ्यानपिढ्या सांगितली, त्यांची परक्याविषयीची कल्पना तीत उतरली आहे. परका दुरून एक दिवाच पाहणार, त्याहून अधिक त्यास दिसणार नाही, हे त्यांस ठाऊक होते, आणि त्याबद्दल त्यांनी त्यास दोष दिला नाही. त्यांनी त्याची किंमत ठरविली ती तो दिवा पाहून पुढे निघून गेला की उतरला, यावरून.

सध्या या हद्दीवर जे चालले आहे त्यावर एखाद्याने खरोखर उतरून लिहावे असे पुष्कळ आहे. मालवणच्या पारंपरिक मच्छीमारांचा व आमच्या पाण्यात घुसणाऱ्या गोव्याच्या वेगवान ट्रॉलरांचा झगडा अनेक वर्षे धुमसतो आहे. २०१८ साली गोव्याने बाहेरच्या मासळीवर निर्बंध घातले, तेव्हा सिंधुदुर्गातील मासळीच्या गाड्या नाक्यावर अडल्या. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग येथील तरुण रोजगारासाठी गोव्यात जातात, आजारी माणसास घेऊन लोक बांबोळीच्या इस्पितळाकडे धावतात. आणि अलीकडच्या काळात दोडामार्ग तालुक्यात तर ‘आम्हांस गोव्यात घ्या’ अशी मागणी उघडपणे झाली आहे. १९६७ साली ज्या हद्दीपलीकडून ‘नको’ आले, त्या हद्दीच्या अलीकडून अर्ध्या शतकाने ‘घ्या’ निघावे, यातील मर्म तारेच्या दीड स्तंभात मावणारे नव्हे. ते टिपावयास ग्रीन यांचा डोळा हवा, आणि जोडीस नाक्यावर अडलेल्या गाडीवाल्याची मालवणी समजणारा कान हवा.

ग्रीन यांचा हा लेख पुढे १९९० साली त्यांच्या ‘रिफ्लेक्शन्स’ या संग्रहात समाविष्ट झाला आहे. तो थोड्या पृष्ठांचा असून एका बैठकीत वाचून होतो. त्याचे मराठी भाषांतर कोणी हाती घेईल तर आम्हांस संतोष वाटेल. भाषांतरकारास सुचवावयाचे ते एवढेच की, त्या घरांच्या दगडासाठी त्याने भूगर्भशास्त्राच्या कोशातील बोजड संज्ञा योजू नये. सरळ ‘चिरा’ लिहावे. आणि आफ्रिकेहून घरी परतण्याची वाट पाहणाऱ्या त्या माणसास, तो गोव्याचा असला तरी, ‘चाकरमानी’ म्हणण्यास बिचकू नये.